टेम्पो निघालाय!

बजाजनगरात माणसांच्या दोन जाती आहेत: परमनंट आणि टेम्पररी. परमनंट माणूस खालच्या मजल्यावर राहतो, त्याच्या दारात तुळस असते आणि गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या असतात. टेम्पररी माणूस वरच्या मजल्यावर राहतो आणि त्या दोन टाक्यांपैकी आपली कोणती, यावरून खालच्याशी भांडतो. नोकरीच्या बाबतीत मी परमनंट आहे, पण घराच्या बाबतीत अकरा महिन्यांच्या करारावर जगतो. करार संपत आला की मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरतं आणि त्याला खोली लागते. मालकांच्या पुतण्यांची लग्नं नेमकी अकराव्या महिन्यातच कशी ठरतात, यावर एखाद्या ज्योतिषाने अभ्यास करायला हरकत नाही. पुतण्या नसलेला मालक मला अजून भेटलेला नाही.

लग्न ठरलं की आपण नवी खोली शोधायची. खोली सापडते, डिपॉझिटही इकडून तिकडून जमतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण टेम्पो बोलवायचा असतो.

वाळूजच्या या पट्ट्यात बाकी सगळं घड्याळावर चालतं. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, आगेमागे इतर कंपन्या आल्या, आणि जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून आलेल्या माणसांनी सूर्याकडे बघायचं सोडून पाळीकडे बघायला सुरुवात केली. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, थर्ड शिफ्ट. मोरे चौकात कंपनीची बस अशी मिनिटावर येते की माणूस एका हाताने डब्याचं झाकण दाबत आणि दुसऱ्या हाताने गळ्यात आयकार्ड अडकवत पळत सुटतो. अशा या गावात काळाच्या बंधनातून मुक्त झालेलं वाहन एकच आहे, ते म्हणजे भाड्याचा टेम्पो.

आमचा टेम्पो सकाळी सातला येणार होता. बायकोने रात्रीच भांडी पोत्यात भरली होती, गाद्यांच्या वळकट्या बांधल्या होत्या आणि सकाळच्या चहापुरतं एक पातेलं बाहेर ठेवलं होतं. साडेसात वाजले तेव्हा मी फोन केला.

"निघालात का भाऊ?"

"निघालो ना काका, यायलोच."

साडेआठला विचारलं, "कुठवर आलात?"

"ओॲसिस चौकात हाय. आलोच समजा."

आम्ही समजलो. पातेलंसुद्धा पोत्यात गेलं. नऊ वाजून गेल्यावर पुन्हा फोन केला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"पंढरपुरात अडकलोय काका. लई ट्रॅफिक."

मदतीला म्हणून सासूबाई बीडहून आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. "अगंबाई, टेम्पो वारीला गेला?"

त्यांना समजावता समजावता माझी निम्मी सकाळ गेली. वाळूजला खेटून आमचंही एक पंढरपूर आहे, तिथे विठोबाचं देऊळ आहे, आषाढीला मोठी यात्राही भरते. पण आज आषाढी नाही आणि टेम्पोवाला वारकरी नाही. "तसं तर," मी म्हटलं, "तो खऱ्या पंढरपुराहून निघाला असता तरी एव्हाना पोचला असता." सासूबाईंनी देवाचं नाव निघाल्यामुळे पुढे चर्चा केली नाही.

'यायलोय' हा वर्तमानकाळ आहे, असं व्याकरण सांगतं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला अनुभव वेगळा आहे. 'आलो' म्हणजे निघायचा विचार आहे. 'निघालो' म्हणजे अंघोळ चालू आहे. 'यायलोच' म्हणजे अजून कुणीतरी दुसरा माणूस त्याच टेम्पोची वाट बघत पायरीवर बसलेला आहे आणि त्याचं सामान आधी जाणार आहे.

मी कुठेही रिकामा बसलो की मला व्युत्पत्ती होते. "लोकांना बसल्या बसल्या ॲसिडिटी होते, आमच्याकडे व्युत्पत्ती होते," असं ही पाहुण्यांना सांगते. त्या दिवशी तर रिकामं बसायला सोय उत्तम होती. पायरीवर गॅसची टाकी, टाकीला टेकून मी, आणि हाताशी कोशांचं खोकं, जे मी हट्टाने शेवटी बांधायला ठेवलं होतं. टेम्पो या शब्दाचा छडा लावायचं मी ठरवलं. मोल्सवर्थसाहेबांचा कोश १८३१चा, कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६चा. दोघांच्याही वेळी आपल्या रस्त्यावर टेम्पो आलेला नव्हता. त्यांना घर बदलायला बैलगाडी मिळायची आणि ती यायचीही. तेव्हा देशी कोश बाजूला ठेवून मी परदेशी खोक्यात हात घातला, आणि थोड्याच वेळात मला इतकं मोठ्याने हसू आलं की ही आतून धावत आली.

"आला?"

"आला नाही गं, पण सापडला! टेम्पो हा इटालियन शब्द आहे. अर्थ काय असेल सांग?"

"न येणारा."

"टेम्पो म्हणजे वेळ!"

हिने पदराला हात पुसले. "म्हणजे सकाळपासून आपण वेळेची वाट बघतोय?"

"अगदी बरोबर!"

"मग आपली वेळ कधी येणार, तेवढं बघा त्या पुस्तकात."

पुस्तकात तेवढं सोडून सगळं होतं. लॅटिनमध्ये 'तेम्पुस' म्हणजे काळ. त्याचं इटालियनमध्ये 'तेम्पो' झालं, स्पॅनिशमध्ये 'तिएम्पो', फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं गिळून नुसतं 'ताँ'. इटालियन माणूस काटकसरी. त्याने वेळ आणि हवामान या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात उरकल्या. आज हवा कशी आहे, हे विचारायला तो म्हणतो, 'के तेम्पो फा?' शब्दशः अर्थ लावायचा तर 'टेम्पो काय करतोय?' मिलानपासून नेपल्सपर्यंत लोक एकमेकांना हाच प्रश्न घालतात, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. तिकडे सिनेमाच्या मध्यंतराआधीच्या भागाला 'प्रीमो तेम्पो' आणि नंतरच्या भागाला 'सेकोंदो तेम्पो' म्हणतात. आपल्याकडेही घर बदलताना हेच असतं. पहिल्या टेम्पोत कपाट, फ्रिज, पलंग. दुसऱ्या टेम्पोत कुंड्या, केरसुणी आणि सासूबाई. हे उदाहरण मी मनातल्या मनात दिलं.

पोर्तुगीजांनी हाच 'तेंपु' गलबतात घालून गोव्याला आणला. तिथल्या ख्रिस्ती कोकणीत काळाला अजून 'तेंप' म्हणतात, गोष्टीची सुरुवातच 'एका काळी' अशा अर्थाने 'एका तेंपार' अशी होते. म्हणजे एखाद्या गोवेकर म्हाताऱ्याने उसासा टाकून 'तेंप बदलला' म्हटलं, तर बजाजनगरचा माणूस सहानुभूतीने विचारणार, 'भाडं किती पडलं?'

एवढ्यात आकाश काळं झालं. जूनचा पहिला आठवडा होता आणि आमच्या तीन गाद्या अंगणात होत्या. मी पुढचा शब्द वाचला. लॅटिनमध्ये याच तेम्पुसपासून 'तेम्पेस्तास' झाला. आधी त्याचा अर्थ होता काळवेळ, मग झाला हवामान, आणि मग सरळ वादळ. इंग्रजीतला 'टेम्पेस्ट' तो हाच. "अगं, वादळसुद्धा टेम्पोच्याच घरातलं निघालं!" असं मी ओरडून सांगितलं. "निदान ते तरी आलं," असं म्हणत ही गाद्या आत ओढत होती, आणि दुसरं टोक कुणीतरी धरावं अशी तिची अपेक्षा होती, हे मला नंतर सविस्तर कळलं. त्या वेळी माझी कानशिलं उडायला लागली होती. लॅटिनमध्ये कानशिलांनाही 'तेम्पोरा' म्हणतात, हे वाचून मात्र मी गप्प बसलो. घरातलं तेम्पेस्तास वाढवण्यात अर्थ नव्हता.

समोरच्या खोलीतला तरुण रात्रपाळी करून येऊन झोपला होता. आमच्या आवाजाने तो दात घासत बाहेर आला. त्याला मी 'टेम्पररी' हा शब्दही याच कुळातला, हे सांगितलं. तेम्पुस म्हणजे काळ, आणि थोड्या काळापुरता तो टेम्पररी.

"थोड्या म्हणजे किती, सर?" त्याने ब्रश तोंडातून काढून विचारलं.

"थोड्या म्हणजे... थोड्याच."

"मी आठ वर्षं टेम्पररी आहे. लॅटिनमध्ये याला काही वेगळा शब्द आहे का बघा की. युनियनमध्ये मांडता येईल."

मी कोश चाळल्यासारखं केलं. इंग्रजी व्याकरणातला 'टेन्स', म्हणजे क्रियापदाचा काळ, तोही तेम्पुसचाच वंशज आहे, असं सांगून विषय बदलला. त्याने चूळ भरली आणि म्हणाला, "म्हणजे पास्ट टेन्स पण टेम्पो, फ्यूचर टेन्स पण टेम्पो. फक्त प्रेझेंटमध्ये टेम्पो नाही." एवढं बोलून तो परत झोपायला गेला. या मुलाला परमनंट का करत नाहीत, हे मला आजवर समजलेलं नाही.

आता खरा प्रश्न असा की जो शब्द रोममध्ये काळ होता, तो आपल्याकडे मालवाहू गाडी कसा झाला? यात दोष जर्मनांचा आहे. संगीतातली लय या अर्थाने इटालियनांनी हा शब्द सगळ्या युरोपाला वाटला. जर्मन माणसाने तो घेतला आणि त्यातली वेळ काढून टाकून नुसता वेग ठेवला. जर्मनमध्ये टेम्पो म्हणजे वेग. हॅम्बुर्गच्या 'विडाल आणि सोन' या कंपनीने आपल्या तीनचाकी मालगाड्यांना हेच नाव दिलं. त्या काळी, १९२८पासून, जर्मनीत लहान इंजिनाच्या तीनचाकीला करही नव्हता आणि ती चालवायला लायसन्सही लागत नव्हतं. म्हणजे बिनलायसन्सचा टेम्पो ही आपल्याकडच्या पोरांची मस्ती, असं जे वाहतूक पोलिसांना वाटतं, ते चूक आहे. त्यामागे हॅम्बुर्गची थोर परंपरा आहे.

मग १९५८ साली नवलमल फिरोदियांनी याच कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे टेम्पो बनवायला घेतला आणि कंपनीचं नाव ठेवलं 'बजाज टेम्पो'. पुढे एक चाक, त्याच चाकावर इंजिन, इंजिनावर लांब नाक आणि मागे हौदा. गाडीचं मूळ नाव 'हॅन्सिॲट', म्हणजे हॅम्बुर्गसारख्या व्यापारी शहराचा प्रतिष्ठित नागरिक. आपल्या लोकांनी त्या नागरिकाच्या पाठीवर कांद्याची पोती, लग्नाची भांडी, गणपती आणि गणपतीपुढे नाचणारं अख्खं मंडळ चढवलं आणि त्याला नुसतं टेम्पो म्हणायला सुरुवात केली. पुढे ज्याला ज्याला म्हणून हौदा होता, ते ते सगळं टेम्पो झालं. हॅम्बुर्गची मूळ कंपनी १९६०च्या दशकात दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. इथल्या कंपनीनेही २००५ साली नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केलं. पण 'फोर्स निघालाय का?' असं अजून बजाजनगरात कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मालकाने दुकान बंद केलं, पाटी बदलली, तरी शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडात चालूच आहे.

जर्मनांनी मात्र आपल्या टेम्पोचं जे केलं, ते ऐकून वाईट वाटतं. आमचा भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याने पहिल्याच आठवड्यात एका रस्त्यावरच्या पाटीचा फोटो पाठवला. पाटीवर लिहिलं होतं, 'टेम्पो ३०'. इथे आमच्या मेव्हण्यांनी तो फोटो सगळ्या गल्लीला दाखवला. "बघा शिस्त! त्या रस्त्यावर तीसच टेम्पोंना परवानगी आहे. एकतिसावा आला की परत!" ती वेगाची मर्यादा आहे, हे त्यांना मी सांगितलं, तर म्हणाले, "टेम्पो आणि तीसच्या वर? पळेल का तो?"

पुढे भाच्याला घर बदलायची वेळ आली. रक्तातच आहे. घरमालकीण बाई वयस्क आणि मायाळू. भाचा तिच्या दारात गेला आणि चेहरा पाडून मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "मला एक टेम्पो पाहिजे." बाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आत गेली आणि कागदी रुमालांचं पाकीट घेऊन आली. एक रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवला. जर्मनीत १९२९पासून 'टेम्पो' नावाचे कागदी रुमाल मिळतात आणि ते इतके घरोघरी पोचले आहेत की कुठल्याही कंपनीच्या कागदी रुमालाला टेम्पोच म्हणतात. भाच्याने घाबरून खुलासा केला, "एक नाही बस होणार, मोठा पाहिजे, माझं खूप सामान आहे." बाईने अख्खं पाकीट दिलं. ही गोष्ट ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बाई चांगली आहे. आपल्याकडे टेम्पो सांगून ठेवला की नंतर रुमाल लागतोच." 

दुपारचा एक वाजला. नवा भाडेकरू सामान घेऊन खाली येऊन थांबला. त्याचा टेम्पो वेळेवर आला होता, कारण तो आम्ही सांगितलेलाच टेम्पो होता, हा संशय माझ्या बायकोला अजून आहे. घरमालक हातात किल्ल्यांचा जुडगा वाजवत येरझाऱ्या घालू लागले. त्यांना शांत करावं म्हणून मी म्हटलं, "आप्पा, बजाज या शब्दाचा अर्थ माहीत आहे?"

"माहीत आहे की. स्कूटर."

"नाही आप्पा. अरबीत 'बझ्झ' म्हणजे कापड. कापड विकणारा तो 'बझ्झाझ'. फारसीतून हिंदीत येता येता त्याचा बजाज झाला. म्हणजे आपण राहतो ते कापडवाल्यांचं नगर!"

आप्पा तीस वर्षं या नगरात राहतात. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. समोर फॅब्रिकेशनचं दुकान, शेजारी दुचाकीचं गॅरेज, त्यापलीकडे नट-बोल्ट. "कापडाचं दुकान तर त्या कोपऱ्यावर एकच आहे," ते म्हणाले, "आणि त्याचंही शटर निम्मं बंद असतं."

पण मी आता थांबणार नव्हतो. बजाज म्हणजे कापडवाला, टेम्पो म्हणजे वेळ. तेव्हा 'बजाज टेम्पो' म्हणजे काय? कापडवाल्याची वेळ! मला सगळा उलगडा झाला. शहरात गुलमंडीवर हिच्याबरोबर साडी घ्यायला गेलं की जो काळ लागतो, तो या गाडीला नावातच जोडून दिलेला आहे. गादीवर बसलेला तो माणूस दीडशे साड्या उलगडतो, आपण 'आता निघू' म्हणतो, ही 'निघालोच' म्हणते, आणि त्यानंतर तो जरीकाठाचं कपाट उघडतो. मग सातची गाडी एकपर्यंतही का येत नाही, याचं आश्चर्य कसलं? मी हे हिला सांगितलं. त्यानंतर तिने मला एक वळकटी उचलायला लावली, जी जागची हलवायची काहीच गरज नव्हती.

दोन वाजता टेम्पोवाल्याचा स्वतःहून फोन आला. हा मी शुभशकुन समजलो.

"काका, गाडी बसली. पाटा मोडला. ॲपे पाठवू का?"

"एपमध्ये फ्रिज कसा मावेल?" शेजारचा इंग्रजी शाळेतला मुलगा म्हणाला. "एप म्हणजे माकड ना?"

एरवी मला या प्रश्नाची संधी महिनोन्‌महिने मिळत नाही. मी फोन तसाच चालू ठेवला आणि मुलाला समजावलं. दुसरं महायुद्ध संपलं, तेव्हा इटलीतल्या प्याज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. मग त्यांनी विमानं सोडून स्कूटर करायला घेतली. पहिल्या नमुन्याला कामगार 'पापेरीनो' म्हणायचे, म्हणजे बदकाचं पिल्लू. मालकांना ते काही आवडलं नाही. दुसऱ्या नमुन्याची बारीक कंबर आणि गुणगुणणारा आवाज बघून ते म्हणाले, ही तर गांधीलमाशी दिसते. गांधीलमाशीला इटालियनमध्ये आणि लॅटिनमध्येही 'वेस्पा' म्हणतात, म्हणून १९४६ साली आली ती वेस्पा. दोन वर्षांनी तिलाच मागे दोन चाकं आणि हौदा जोडून ओझी वाहायला लावलं. ओझी वाहते ती कष्टाळू मधमाशी, आणि मधमाशी म्हणजे इटालियनमध्ये 'आपे'. लॅटिनमध्ये 'आपिस'. अजिंठ्याच्या कड्याला लटकलेल्या आग्या मोहोळातली माशीसुद्धा शास्त्रज्ञांच्या वहीत त्याच नावाने नोंदलेली आहे. तेव्हा रांजणगावच्या फाट्यावर ओरडणारा जो पोऱ्या 'आपे, आपे' म्हणतो, त्याचा उच्चार थेट रोमच्या तोडीचा आहे. बाकी आपण सगळे सुशिक्षित लोक त्याला 'ॲपे' म्हणत गेलो.

"आणि गंमत ऐक," मी म्हटलं. मुलगा तोवर निम्मा जिना उतरला होता. "वेस्पा हा शब्द विणणे या अर्थाच्या फार जुन्या धातूवरून आला, असं बहुतेक पंडित मानतात, कारण ती माशी आपलं घर विणते. संस्कृतात कोळ्याला 'ऊर्णवाभि' म्हणतात, त्यातला 'वाभ' तोच, विणणारा. आणि १९६०च्या सुमारास वेस्पा बनवायचा परवाना कुणी घेतला? बजाजने. म्हणजे विणकराने कापडवाल्याशी करार केला! हिमरू आणि पैठणीच्या जिल्ह्यात त्या कापडवाल्याने पुढे कारखाना काढला, यात नवल ते काय?"

"काका," फोनमधून आवाज आला, "मधमाशी पाठवू का नको? बॅलन्स संपायलाय."

"त्यात कपाट मावणार नाही हो."

"मग छोटा हत्ती बघतो."

मग माझ्या लक्षात आलं की प्राणिसंग्रहालयातून जाऊन यावं तसं आपण रोज रस्त्यावरून जातो. इटलीची मधमाशी, टाटांचा छोटा हत्ती, राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची चेतक, आणि लग्नाला वऱ्हाड नेतो तो मॅटाडोर. स्पॅनिशमध्ये मॅटाडोर म्हणजे बैलाला ठार मारणारा. माझं स्वतःचं वऱ्हाड मॅटाडोरने गेलं होतं, हे मी बोलून गेलो. सासूबाई ऐकत होत्या. "मारलं कुणी आणि मेलं कोण, ते नका सांगू आता," त्या म्हणाल्या. नवा भाडेकरू, आप्पा आणि समोरचा रात्रपाळीवाला, सगळे एकदम हसले. दिवसभरात घर म्हणून आम्ही सगळे एकत्र आलो ते या एका वाक्यावर.

सहा वाजता टेम्पो आला. छोटा हत्ती नाही, मधमाशी नाही, तोच टेम्पो, पाटा वेल्डिंग करून. तोवर हमाल दुसरीकडे गेले होते. मी आणि मेव्हणे कपाट उतरवायला लागलो. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर जाईना, खाली येईना.

"चढलं होतं कसं मग?" आप्पांनी विचारलं.

"मागच्या मालकाने चढवलं होतं," असं काहीतरी मेव्हणे म्हणाले. या वाक्याला अर्थ नव्हता, पण दुसरं सुचतही नव्हतं. रात्रपाळीवाला पुन्हा उठला, बनियनवर खाली आला आणि त्याने कपाटाचं दार काढलं. दार काढल्यावर आतून कोशांचं दुसरं खोकं निघालं, जे हिने मला न सांगता आधीच भरून टाकलं होतं. कपाट जड का, ते सगळ्यांना कळलं. त्यावर कुणीच काही बोललं नाही, हे मला जास्त लागलं.

सामान चढलं, दोरखंड आवळला. सगळ्यात वर खुर्ची उलटी बांधली, तिच्या पायांत तुळशीची कुंडी. मी पुढे टेम्पोवाल्याशेजारी बसलो. तो चांगला हसतमुख माणूस निघाला. गाडी मोरे चौकाकडे वळली तशी माझ्याने राहवेना.

"भाऊ, टेम्पो म्हणजे काय माहीत आहे?"

"काय?"

"वेळ. लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, टेम्पो म्हणजे वेळ."

त्याने एक गिअर टाकून थोडा विचार केला. "म्हणजे माझी गाडी म्हणजे वेळ?"

"हो."

"तरीच म्हणलं," तो म्हणाला. "डिझेलचा पैसा येतो तसा जातो. घर चालतंय ते सगळं वेटिंगवर."

नव्या घराशी सामान उतरलं. त्याने भाडं सांगितलं, त्यात वेटिंगचे तीनशे वेगळे लावले होते. मी चिडलो. "वेटिंग? अहो, सकाळी सातपासून वाट मी बघतोय!"

"वाट तुम्ही बघितली काका, थांबली माझी गाडी," तो पैसे मोजत म्हणाला. "बघण्याचे पैसे आपण कुणालाच लावत नाही."